कल्याण क्राऊड कंट्रोल, सावेडी

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ११.४०

पहाटे पाचला उठायचं, हा पहिला संकल्प. काल थर्टी फर्स्टमुळे जागरण झालं. अंमलबजावणी उद्यापासून.

दुसरा संकल्प, रोजनिशी. मोठे उद्योजक लिहितात. कुणाला दाखवायची नाही, बायकोला, म्हणजे अश्विनीलाही नाही. तिने विचारलं, काय लिहिताय. स्ट्रॅटेजी, म्हणालो. मग त्यातच गव्हाचं दळण टाकायचं राहिलंय तेही लिहून ठेवा, म्हणाली.

तिसरा संकल्प सगळ्यात महत्त्वाचा. यापुढे कुठल्याही बाबतीत दादाला विचारायचं नाही.

पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. अजिनाथदादा हा माझा थोरला भाऊ. कर्जतला त्याचा ‘अजिनाथ मंडप’. कॉलेज सुटल्यापासून मी त्याच्या हाताखाली लग्नांचे मंडप ठोकले. अख्खा तालुका मला ‘अजिनाथचा धाकटा’ म्हणतो. माणसाला नाव असतं. माझं कल्याण आहे.

दिवाळीनंतर पुण्याला एका प्रदर्शनात गेलो आणि डोळे उघडले. गर्दी आवरायची लोखंडी बॅरिकेड! चाकांची, झाकणाची डस्टबिन! जगात गर्दी वाढतेय, कचरा वाढतोय. मंडप मात्र आहे तेवढाच आहे. माझ्या नावावरचा टेम्पो आमच्या ओळखीच्या कानिफनाथला विकून टाकला आणि त्या पैशात चाळीस बॅरिकेड आणि वीस डस्टबिन घेतली. दादाने ऐकलं आणि हातातला हातोडा खाली ठेवला. थक्क झाला असणार.

मग त्याने अट घातली. माझ्या सासुरवाडीला माघात सप्ताह असतो. काल्याच्या दिवशी तीन-चार हजार माणूस जेवतं. दादा म्हणाला, तितं तुजी लोखंडं चालवून दाखव. चालली तर सोताचा बोर्ड लाव, निम्मं गोडाऊन तुजं, मी मधे पडनार न्हाई. न्हाई चालली तर गपगुमान मंडपावर यायचं आन लोखंडं भंगारात. मी लगेच हो म्हणालो. बिचाऱ्या दादाला आपण काय कबूल केलंय याची कल्पना नाही.

२ जानेवारी, गुरुवार

पाचला उठलो नाही. गजर वाजला होता, पण अश्विनीच्या बाजूला.

६ जानेवारी, सोमवार

कंपनीचं नाव ठरलं. ‘कल्याण क्राऊड कंट्रोल’. खाली ‘गर्दी तुमची, शिस्त आमची’. कार्ड छापून आली. कागद जाड आहे, दात कोरता येणार नाही असा.

घराजवळ सावेडीत दिवसभर कार्ड वाटली. मंगल कार्यालय, क्लासेस, जिम. एका मिठाईवाल्याला गर्दीचं शास्त्र समजावलं. त्याने विचारलं, गर्दी कुठाय. मी म्हणालो, होईल तेव्हा. तो म्हणाला, झाली तर मला ती पाहिजेच आहे, आवरायची कशाला? संकुचित दृष्टी. कार्ड मात्र ठेवून घेतलं. वजनकाट्याचा एक पाय हलत होता, त्याखाली सरकवलं. रोज नजरेसमोर राहील.

११ जानेवारी, शनिवार. काष्टी

आठवडे बाजार. फुकट डेमोचा दिवस. दहा बॅरिकेड कानिफनाथच्या टेम्पोत टाकून नेली. म्हणजे माझ्याच टेम्पोत. पहिल्या दणक्याला चालू झाला. माझ्याकडे असताना कधी झाला नव्हता.

योजना साधी. भाजीबाजाराच्या तोंडाशी डावीकडून आत, उजवीकडून बाहेर. सगळं उभं केलं आणि पाच मिनिटं चहाला गेलो. (दहा असतील. भजी गरम होती.) परत येऊन बघतो तर प्रत्येक बॅरिकेडला शेळ्या. एका सरळ ओळीत, अगदी शिस्तीत.

कडूबाई नावाची एक शेळ्या विकणारी बाई म्हणाली, लई बेस केलं बाबा, पंचायतीनं पयल्यांदाच आमच्यासाठी कायतरी केलं. मी म्हणालो, ही खाजगी कंपनी आहे आणि हे माणसांसाठी आहे. ती म्हणाली, मानसं कुटं पळून जात्यात? पळतंय ते जनावर. पुढच्या शनिवारी आनखी दहा आना.

यावर मी उत्तर देणार होतो, तेवढ्यात एका शेळीने माझ्या हातातली कार्ड खाल्ली. जाड कागदसुद्धा खातात.

निष्कर्ष: मागणी प्रचंड. ग्राहक चुकीचा. कंपनी जनावरांच्या क्षेत्रात उतरणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१९ जानेवारी, रविवार

पहिली ऑर्डर! सावेडीतलं लग्न. मुलीचे वडील अश्विनी शिकवते त्या शाळेतले शिक्षक, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. म्हणजे माझा दर्जा बघून नाही म्हणता आलं नाही.

माझ्याकडची दोन डस्टबिन स्टीलची आहेत, झुलत्या झाकणाची, कुलूप लागणारी. त्यातलं एक स्टेजच्या पायरीशी ठेवलं. आरशासारखं चमकत होतं. नवऱ्या मुलाच्या मामांनी त्यात आहेराचं पाकीट टाकलं. त्यांच्यामागच्याने टाकलं. मग रांगच लागली. कुणी न सांगता, कुणी न ढकलता लागलेली रांग! माझ्या अंगावर काटा आला.

नंतर थोडा वाद झाला. आत मुलीकडची पाकिटं किती, मुलाकडची किती, हे कळेना. किल्ली माझ्याकडे. मी आईस्क्रीमच्या काउंटरवर. मी सापडेपर्यंत नवऱ्याकडच्या लोकांनी अख्खं डस्टबिन वरातीच्या गाडीत टाकून नेलं. नवरीशेजारी ठेवलं होतं म्हणे.

अश्विनी घरी येईपर्यंत हसत होती. मी तिला म्हणालो, ज्या वस्तूवर लोक पहिल्याच दिवशी एवढा विश्वास टाकतात, ती वस्तू अपयशी कशी? ती म्हणाली, अहो, त्यांनी कचरा कुठं टाकला ते बघितलंत का? खाली टाकला होता. पण तो वेगळा मुद्दा आहे.

२३ जानेवारी, गुरुवार. सासुरवाडी

सप्ताह कमिटीसमोर प्रेझेंटेशन. कमिटीचे मुख्य म्हणजे माझे सासरे, रंगनाथमामा. मला खुर्ची दिली, बाकीचे सतरंजीवर. जावयाचा मान.

मी सांगितलं, की जेवणाला माणसं झुंबड करतात, ढकलाढकली होते, म्हातारे मागे राहतात. आता तसं नाही. नागमोडी मार्ग. एका तोंडाने आत, वळत वळत पुढे, शेवटी आमटी आणि भाकरी घेऊन बाहेर. ठिकठिकाणी डस्टबिन. मामा म्हणाले, बरं. मी आणखी समजावलं. मामा म्हणाले, बरं बरं. पूर्ण पटलं.

लंकाबाई म्हणून एक वयस्क बाई आहेत, घरोघरच्या भाकरी गोळा करायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी डस्टबिनबद्दल फार अभ्यासू प्रश्न विचारले. कोरी हायेत का? झाकान घट बसतं का? चाकं दगडगोट्यात चालत्यात का? शहरात एकानेही इतक्या खोलात जाऊन विचारलं नव्हतं. मी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणालो.

सासूबाई, म्हणजे मनकर्णामामी, दारातून म्हणाल्या, पन लोकास्नी हुभंच ठेवायचं का हो? मी म्हणालो, मामी, सुसंस्कृत समाज उभा राहतो. त्या आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला. चहा करताना काहीतरी झालं असेल.

परतताना एस.टी.त अश्विनीने विचारलं, अहो, तुम्ही आमच्या काल्याचं जेवण कधी बघितलंय का? मी म्हणालो, लग्न झाल्यापासून दरवर्षी जेवतोय. ती म्हणाली, तुम्ही घरात जेवता. चौरंगावर. आई तुम्हाला दारच्या गर्दीत कधी पाठवते का? आणि सप्ताहाच्या मंडपाचं काम भाऊजी सेवा म्हणून स्वतः करतात, तुम्हाला कधी त्यावर घेत नाहीत. बाहेर कसं असतं तर... ती पुढेही काही सांगत होती, पण मला त्याच क्षणी नागमोडीत आणखी दोन वळणं सुचली. तिकिटाच्या मागे काढून ठेवली.

२६ जानेवारी, रविवार

नकाशा पूर्ण. घरी हॉलमध्ये खुर्च्या मांडून तालीम घेतली. अश्विनी वाटसरू. ती दुसऱ्या वळणाला खुर्चीखालून निघून किचनमध्ये गेली. माणसं अशीच असतात. म्हणून तर बॅरिकेड लागतात.

३० जानेवारी, गुरुवार

दादाचे तीन फोन. घेतले नाहीत. तिसरा संकल्प.

मग त्याने अश्विनीला केला. ती फोन हातात धरून आली, म्हणाली भाऊजींना काल्याच्या जेवणाबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय. मी कानावर हात ठेवले. परीक्षेच्या आधी उत्तरं ऐकायची नसतात. शिवाय मला त्याचा डाव कळतो. महिनाभरसुद्धा त्याला माझ्याशिवाय करमत नाही.

पाचला उठायचा संकल्प सहावर आणला. व्यवहारी असावं माणसाने.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सप्ताह रविवारीच सुरू झाला. रोज कीर्तन. मी माल घेऊन शनिवारी, थेट काल्याच्या तोंडावर अवतरणार. ब्रँडने सारखं दिसू नये.

शिट्टी घेतली. दोऱ्यासकट.

८ फेब्रुवारी, शनिवार. सासुरवाडी

दुपारी कानिफनाथबरोबर सगळा माल घेऊन पोचलो. देवळापुढचं मैदान मोठं आहे. पण कुणीतरी पांढरी फक्की टाकून त्यावर लांबच लांब सरळ रेघा मारून ठेवल्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या नकाशाच्या पार आड. पायाने पुसून टाकल्या.

कानिफनाथ म्हणाला, कल्याणशेठ, हितं मानसं बसत्यात. मी म्हणालो, बसायची. आता उभी राहतील. तो म्हणाला, आमचं काय, तुमी सांगाल तसं. आणि नकाशाप्रमाणे सगळं उभं केलं. देवळाच्या पायरीवरून बघितलं. जिलबीसारखं वेटोळं, आत शिरायला एकच वाट. डोळे भरून आले. इतकं सुंदर काम या जिल्ह्यात पूर्वी कुणी केलं असेल असं वाटत नाही.

मंडपाच्या कामावर दादा होता. लांबून बघितलं. हाताने काहीतरी खूण केली. मी हात हलवला. तो बहुधा शुभेच्छा देत होता.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८

डस्टबिन गायब! सगळी!

सकाळी ९.१५

सापडली. लंकाबाईंच्या अंगणात. रात्रीच नेऊन गरम पाण्याने घासली आणि आत धुतलेली धोतरं अंथरली. आता गावातल्या बायका एकेक डस्टबिन ढकलत आळीआळीतून फिरताहेत आणि प्रत्येक घरातून ढीगभर गरम भाकरी आत पडताहेत. झाकण बंद. माझ्या झाकणाच्या फटीतून वाफ येत होती.

मी लंकाबाईंना म्हणालो, मावशी, ही कचऱ्यासाठी आहेत. त्या म्हणाल्या, कोरी हायेत असं तुमीच बोल्ला न्हवं? मी म्हणालो, हो, पण मग कचरा कशात? त्या म्हणाल्या, कसला कचरा? जो तो आपापलं ताट-वाटी घरून आनतो. खातो, धुतो, घेऊन जातो. उरली भाकर गुरांना. मागच्या साली पाटीनं वाहून मान मोडली हुती बघा. तुमचं लई उपकार.

यावर विचार केला. कचरा शून्य. माझी यंत्रणा बसण्याच्या आधीच कचरा शून्य. हा विक्रम कुणाच्या नावावर लिहायचा?

दुपारी ३. घाईत लिहितोय

काल्याचं कीर्तन संपलं, दहीहंडी फुटली, आणि माणूस सुटला. बापरे, माणूस! ऊसतोडीला गेलेलेसुद्धा आजच्या दिवसासाठी आलेले. प्रत्येकाच्या हातात ताट-वाटी. मी वेटोळ्याच्या तोंडाशी, गळ्यात शिट्टी.

आणि ते आत शिरले! डावीकडून, ओळीने, वळणावळणाने, नकाशात काढलं होतं तसेच. कुणी ढकललं नाही. मी दादाकडे बघितलं. बघ म्हणावं.

मग पहिला म्हातारा शेवटच्या वळणापर्यंत गेला, बॅरिकेडला पाठ टेकवली, ताट पुढे ठेवलं आणि मांडी घालून बसला.

मला वाटलं, चक्कर आली. शिट्टी वाजवली. त्याच्या शेजारचे दहा जण बसले. मी जोरात वाजवली. अख्खी रांग बसली. इथे पंगत बसायची खूण म्हणून शिट्टीच वाजवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (अश्विनी म्हणते सांगितलं होतं.) जितकी वाजवली तितके बसले. पाच मिनिटांत सगळं वेटोळं खाली. समोरासमोर दोन ओळी, पाठीला लोखंड, मधे ताटं. एकही माणूस उभा नाही. उभा फक्त मी.

आणि मग आमटीची बादली घेऊन वाढपी आले. त्यांना वाट एकच. दोन वळणांत बादली रिकामी, की उलटं फिरून परत कढईपाशी. वेटोळ्याच्या पोटातली माणसं ताटं वाजवायला लागली. दोन-तीनशे ताटं एकदम वाजली की काय होतं ते मी आज ऐकलं.

मी आत घुसलो. त्यांना उठवायला. मधल्या वळणावर माझा मेव्हणा ओम बसला होता, म्हणाला दाजी, बसा की. मी म्हणालो, अरे ही रांग आहे. त्याने शर्टाला धरून खाली ओढलं. कुणीतरी ताट सरकवलं. आणि एकदा पंगत बसली की सगळ्यांचं होईस्तोवर मधून उठायचं नाही, असा इथला नियम. नियमाचा माणूस मी. अडकलो.

पुढचं सगळं खालून बघितलं. दादा बाहेरून आला, कंबरेत वाकला आणि वाढप्यांना म्हणाला, आत कशाला मरताय, वरून द्या. मग बादल्या बॅरिकेडवरून हातोहात यायला लागल्या. लंकाबाईंच्या बायका बाहेरच्या कडेने डस्टबिन ढकलत होत्या, झाकण उघडून गरम भाकरी आत फेकत होत्या आणि पोरं झेलत होती. दोन्ही बाजूंनी हसणं. नंतरच्या पंगतीही तशाच बसल्या, कुणी उपाशी राहिलं नाही.

एक गोष्ट लिहायलाच हवी. आमटी फार चांगली होती. भाकरी कुस्करून तीनदा घेतली. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी. आजवर घरात चौरंगावर जेवलो ती निवलेली असायची, हे आज कळलं. शेजारचा म्हातारा पाठ चांगली सैल सोडून बसला होता. म्हणाला, आयुष्यात पयल्यांदा पंगतीत कंबर दुखली न्हाई, कुनाचं डोकं म्हनायचं हे? मी सांगणार होतो, पण तोंडात घास होता.

संध्याकाळी ७

आभाराचा कार्यक्रम. सगळी पंचक्रोशी समोर. मामा माईकवर. मी शर्ट बदलून पुढच्या ओळीत, दादा माझ्या शेजारी. आता कंपनीचं नाव घेतलं जाणार. दादाच्या देखत.

कीर्तनकारांना नारळ. आचाऱ्याला नारळ. अजिनाथरावांना मंडपाबद्दल नारळ, टाळ्या. लंकाबाईंना नारळ, टाळ्या. टेम्पोवाल्या कानिफनाथलासुद्धा नारळ. मग मामा म्हणाले, आन औंदा आपल्या अजिनाथरावांच्या धाकट्या भावानं पंगतीला टेकू आनलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांची लई सोय झाली, त्यास्नी बी नारळ. 

टाळ्या सगळ्यात जास्त मला पडल्या. म्हातारे तर उठून वाजवत होते.

नाव नाही घेतलं. स्वतःच्या जावयाचं. वाईट वाटलं. फारच वाटलं. नारळ घेऊन खाली आलो तेव्हा दादाने पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला.

१० फेब्रुवारी, सोमवार

दादाकडे निकालासाठी गेलो. माझं भाषण तयार होतं. अपयश हे अपयश नसतं, मंडपावर परत यायला मी तयार आहे पण सल्लागार म्हणून, वगैरे.

दादा म्हणाला, चालली की.

मी म्हणालो, काय चालली? म्हणाला, लोखंडं. म्हातारी मानसं सुखानं जेवली, भाकर गरम पोचली. आनखी काय पायजे? शब्द दिला हुता. लाव बोर्ड.

भाषण तसंच राहिलं.

पुढे म्हणाला, सकाळपासनं तीन गावचं फोन आलं मला, पंगतीला टेकू पायजे म्हनून. आता ते तुजं. नंबर घे, तूच बोल. मी मधे पडनार न्हाई, म्हनलो हुतो.

घरी येताना गाणं म्हणत आलो. स्वतंत्र! अश्विनीने पेढे आणले. टेकू हा शब्द मला पसंत नाही, पण जगात मोठ्या कंपन्या सुरुवातीला असंच काहीतरी विकायच्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्या गावाला फोन. मी कल्याण बोलतोय म्हणालो. कोन कल्यान? क्राऊड कंट्रोल म्हणालो. त्यांनी राँग नंबर म्हणून ठेवला आणि दादाला केला.

दुसऱ्या गावाला फोन. आधी ते म्हणाले, अजिनाथ हायेत का? मी म्हणालो, मी मालक. ते म्हणाले, बरं, मग अजिनाथ आलं की सांगा.

तिसऱ्या गावाशी बोलणं झालं. शनिवारचं काम पक्कं. त्यांनी विचारलं, आमचं मैदान उताराचं हाय, टेकू हुभं ऱ्हातील का? मी म्हणालो, टेक्निकल टीमशी बोलून सांगतो. तिसरा संकल्प मोडायचा नव्हता, म्हणून अश्विनीला म्हणालो, दादाला सहज विचार. सहज.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. मग विचारलं. खालच्या पायाला दगडाची पाचर, म्हणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्वतंत्र कंपनीचं पहिलं काम. या वेळी नागमोडी नाही, सरळ ओळी. आपणहून घेतलेला निर्णय.

माल उतरवला. कमिटीचे लोक भोवती जमले. विचारलं, पंगतीचं तोंड कुनीकडं करायचं? आमटी कुन्या बाजूनं आनायची? बायकांची पंगत आदी का पुरुषांची? सगळे माझ्याकडे बघत होते. मालक म्हणून. याच दिवसासाठी मी एवढी वर्षं थांबलो होतो.

मी म्हणालो, एक मिनिट. देवळाच्या मागे गेलो आणि दादाला फोन केला. 

त्याने सगळं सांगितलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

तासाभराने बघतो तर मोटरसायकलवरून आलेलाच. झाडाखाली उभा राहिला. मी विचारलं, मधे पडणार नव्हतास ना? म्हणाला, कुटं पडलोय? हुभा हाय नुसता. खरोखरच एक शब्द बोलला नाही. पण कमिटीवाल्यांनी त्याला बघितलं आणि सगळं आपोआप जागेवर बसायला लागलं. 

जेवताना मी त्याच्या शेजारी बसलो. पाठ टेकवून. बरं वाटलं, का ते माहीत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बोर्ड रंगवायला टाकला होता, आज पेंटरकडे गेलो. छान झालाय. पिवळ्यावर लाल, ‘कल्याण क्राऊड कंट्रोल’ दोन फुटी अक्षरात. खाली त्याने आपल्या मनाने ‘पंगतीला टेकू मिळतील’ असं लिहून टाकलंय. राहू दे म्हणालो, वाचून दोन माणसं येतील.

प्रोप्रायटर म्हणून माझं पूर्ण नाव लिहून घेतलं. स्पेलिंग नीट तपासलं. अजिनाथचा नाही, धाकटा नाही, काही नाही. नुसता मी. बराच वेळ बघत उभा राहिलो.

ब्रश बुडवून पेंटर थांबला होता. म्हणाला, शेठ, फोन नंबर सांगा.

दादाचा सांगितला.